न घेतलेलं नाव

आमच्या घरात एक नाव होतं. ते फाटकावरच्या पितळी पाटीवर होतं, कचेरीच्या कागदांवर होतं, वाशीमच्या टांगेवाल्यांच्या तोंडी होतं, फक्त आईच्या तोंडी नव्हतं. माझ्या वडिलांचं नाव केशव. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही त्या काळच्या सगळ्याच बायकांची रीत, त्यात आईचं विशेष काही नाही. पण आई मालेगावची, आणि तिच्या माहेरची माणसं कुठलीही गोष्ट अर्धी करत नसत. केशव म्हणायचं नाही म्हणून ती केशरसुद्धा म्हणत नसे. श्रीखंडाचा बेत असला की मला हाक यायची, "शांते, थ्या महागाच्या काड्या आन डब्यातल्या." मी लहान असताना एकदा डबा रिकामा निघाला म्हणून तिनं मला शेजारी पाठवलं. मी जाऊन "आईनं महागाच्या काड्या मागितल्यात" असं सांगितलं, तर त्यांनी माझ्या हातावर काडीपेटी ठेवली. त्या दिवशी श्रीखंड पांढरंच झालं आणि वडिलांनी ते तक्रार न करता खाल्लं.

वडील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता हे मुंबई नाहीतर नागपूर गाठणार. ते आले सरळ वाशीमला. येताना आणलेला केसांचा टोप इकडच्या कचेरीत कोणी घालत नाही असं कळलं, म्हणून तो पत्र्याच्या पेटीत गेला, आणि पुढे त्या पेटीत आमच्या मांजरीनं तीन पिल्लं घातली. वाटणीचे आणि बांधाचे दावे वडील घेत नसत. त्यांच्याकडे यायचे ते फसवणुकीचे, अंगठ्याच्या खोट्या ठशांचे, बनावट दस्तांचे, दरोड्याचे आणि खुनाचे खटले, आणि तेही नेहमी आरोपीच्या बाजूनं. नातेवाईक म्हणत, एवढा समुद्र ओलांडून शिकला काय, तर चोरांची वकिली. नळावर बायका आईला छेडायच्या, "काहून वो, तुमचे बालिष्टर खुनी सोडवतात म्हने?" आई हंडा डोक्यावर चढवता चढवता सांगायची, "थे कोनाले सोडवत नाईत. थे नुस्तं इचारतात. सरकारले उत्तर देता येत नाई, मंग थो सुटते." फौजदारी कायद्याचं याहून सोपं विवरण मी पुढे कुठे ऐकलं नाही.

जामिनावर सुटलेली माणसं सकाळपासून आमच्या ओसरीवर बसलेली असत. माझ्या लहानपणी जगातली सगळ्यात सभ्य माणसं म्हणजे आरोपी, अशी माझी पक्की समजूत होती. ते चपला एका ओळीत काढत, हळू बोलत, मला "ताई" म्हणत. दरोड्याच्या खटल्यातल्या एकानं आमच्या झोपाळ्याची कडी बसवून दिली होती, आणि ती इतकी पक्की बसवली की पुढे घर विकताना ती निघेना. दुपार झाली की आई सगळ्यांना झुणका, ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढायची. कोण कोणत्या गुन्ह्यातला आहे हे तिनं कधी विचारलं नाही. वडील कधी चिडवत, "अगं, त्यातल्या दोघांनी खरंच केलंय बरं का." ती म्हणायची, "पोटाले कलम लागत नाई," आणि आणखी एक भाकरी टाकायची.

या घरात माझं स्वतःचं एक काम होतं आणि मला त्याचा फार गर्व होता. खेड्यातून बायका आल्या की वडील कागद पुढे ओढून पहिला प्रश्न विचारत, नवऱ्याचं नाव काय? आणि तिथंच गाडं अडायचं. बाई पदर पुढे ओढायची, भिंतीकडे बघायची. बरोबर पोरगं असलं तर ते सांगायचं. नसलं तर मला बोलावणं यायचं. मग बाई माझ्या कानाशी लागून खूण सांगायची. "रामाचा भाऊ, थो वनवासातला." लक्ष्मण. "सोंडवाला, मोदक खाते थो." गणपत. एका बाईनं नुसतं आभाळाकडे बोट केलं, मी सूर्यभान म्हणाले, तर तिनं मान हलवली आणि दोन्ही हातांनी गोल भाकरीएवढा आकार करून "रातचा" म्हणाली, तेव्हा चंद्रभान निघाला. वडील टेबलापाशी बसून म्हणायचे, "मी लंडनला चार वर्षं घालवली, आणि वाशीमात माझा धंदा या पोरीच्या डोक्यावर चालतो." हा प्रकार आमच्या ओसरीवर रोज चाले. त्यात काही कायद्याचा मुद्दा दडला असेल असं त्यांना किंवा मला कधी वाटलं नाही. ज्या विहिरीचं पाणी रोज पितो तिची खोली कोण मोजतो?

एका सकाळी रिठदहून चंद्रभागा आली. माळ्याची बाई, पंचविशीची, कडेवर वर्षाचं पोर आणि डोक्यावर वांग्यांची पाटी. पाटी ओसरीवर उतरवून तिनं वडिलांना पहिला प्रश्न विचारला, "सायेब, तुरुंगात लेकराले संगं नेऊ देतात का?" वडिलांनी बऱ्याच आरोपींचे पहिले प्रश्न ऐकले होते, पण असा नव्हता. आई दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि तिनं पोर आपल्याकडे घेतलं.

हकिगत अशी होती. रिठदला दोघी जावांचा एकच मळा, वांगी, कोथिंबीर आणि हळदीचा, त्यात बारमाही पाण्याची विहीर. मळा थोरल्या जावेच्या, पर्वताबाईच्या नावावर. तिचा नवरा वारला होता आणि पोटी मूल नव्हतं. ती इंझोरीला माहेरी गेली आणि तापानं तिथंच दोन महिने पडून राहिली. परत आली तेव्हा मळा विकला गेला होता. कोणी एक बाई हनुवटीपर्यंत पदर ओढून दस्त नोंदवायच्या कचेरीत गेली होती, मीच पर्वता असं सांगून अंगठा उठवून आली होती. मळा घेतला होता शेजारच्या मळेवाल्यानं. (त्याचं नाव मी इथं घेत नाही. त्याची नातवंडं आज भली माणसं आहेत, आणि या प्रकरणात एखादं नाव मीही घेतलं नाही तर शोभून दिसेल.) तो छाती पिटून सांगत होता, मीच फसलो, धाकट्या जावेनं थोरलीचं सोंग घेऊन मला लुबाडलं. ओळख पटवणारे दोन साक्षीदार त्याचेच होते, तेही तेच म्हणत होते. अंगठा म्हणावा तर शाईत इतका बुचकळून उठवलेला की कागदावर नुसतं डबकं उमटलं होतं. चंद्रभागेचा नवरा त्या वेळी कापसाच्या जिनिंगच्या कामाला परगावी. घरात मागे राहिलेली बाई एकच. पोलिसांना याहून जास्त काही लागलं नाही, आणि पर्वताबाईलाही नाही. विहिरीच्या पाण्यावरून दोघींचं आधीच बिनसलं होतं. तिनं जावेवर फिर्याद ठोकली आणि बोलणं टाकलं.

"तुमच्या मोठ्या दिरांचं, म्हणजे भासऱ्यांचं नाव?" वडिलांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं. चंद्रभागेनं माझ्याकडे पाहिलं. मी जवळ गेले. "ज्याच्या म्होरं नंदी बसते," ती कुजबुजली. "महादेव," मी मोठ्यानं म्हणाले. वडिलांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पुरावा आमच्या ओसरीवर येऊन बसला होता, मी तो उच्चारला होता, बॅरिस्टरांनी तो शाईनं लिहून काढला होता, आणि आम्ही दोघांनी त्याला ओळखलं नाही.

खटल्याच्या आधी वडील घरात तालीम करत. संध्याकाळी स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी न्यायासन असे. आई चुलीपुढे बसलेली, म्हणजे न्यायाधीश. मी साक्षीदार, आणि वडील हातात पळी घेऊन उलटतपासणी करणार. मला खोटं बोलायची पूर्ण परवानगी असे, आणि मी तिचा सढळ हातानं लाभ घेई. त्या संध्याकाळी मी दस्त नोंदवणारा कारकून होते. वडिलांनी माझ्या हातात कारकुनाच्या जबाबाची नक्कल दिली आणि मी ठसक्यात वाचू लागले, "सदर बाईस नवऱ्याचे नाव विचारले असता तिने महादेव असे स्वतःच्या तोंडाने, स्पष्ट व न अडखळता सांगितले."

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. आईनं विचारलं, "काय वाचलं तू? पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. आई हसायला लागली. पीठ लागलेले हात तोंडाशी धरून ती हसत राहिली, तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी तिला थांबता येईना. वडील पळी घेऊन तसेच उभे. "अगं, न्यायाधीशानं असं हसायचं नसतं. झालं काय?"

"अवो, कोन्या बाईनं सांगतलं थे? उभ्या कचेरीत, इतक्या बाप्यांच्या म्होरं? न अडखळता?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे! पर्वता असती तं तिनं सांगतलं नसतं, थो तिचा नवरा. चंद्रभागा असती तं तिनंही सांगतलं नसतं, थो तिचा भासरा. सांगतलं कोनं?" आईनं करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली. "मले इचाराल तं थे बाईच नसंन. मिशा काढेल बाप्या असंन."

वडील मटकन पाटावर बसले. मग त्यांनी पळी खाली ठेवली आणि आईला हात जोडले, अगदी खरोखरीचे. "काय करून राह्यले हे, पोरीसमोर," म्हणत आई लाजून पुन्हा पिठाकडे वळली. त्या रात्रीची आंबाडीची भाजी कशी झाली होती ते कोणालाच कळलं नाही.

खटल्याच्या दिवशी मला कचेरीत जायला मिळालं ते चंद्रभागेचं पोर सांभाळायला. आईनं निघताना बजावलं, "लेकरू रडू देऊ नोको, अन् घरी आल्यावर मले सगळं सांग. एक शबुद सोडू नोको." आई स्वतः कधी कचेरीत गेली नाही. बॅरिस्टरच्या बायकोनं तिथं जाणं म्हणजे स्वैपाक्यानं पंगतीत पहिलं बसणं, असं तिचं मत होतं. मी मागच्या बाकावर पोराला मांडीवर घेऊन बसले आणि त्याला माझी वेणी चघळायला दिली.

मॅजिस्ट्रेटसाहेब आपल्याच मुलखातले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, कधीही न हसणारे म्हणून नावाजलेले. कारकून पिंजऱ्यात आला. पोक्त, केस पिकलेले, आपल्या अक्षराचा अभिमान असलेले गृहस्थ. वडिलांनी इतक्या गोड आवाजात सुरुवात केली की मला त्या गृहस्थांची दयाच आली.

"या नोकरीत आपले केस पिकले. पुष्कळ बाया दस्ताला आल्या असतील?"

"पुष्कळ."

"नवऱ्याचं नाव विचारल्यावर काय करतात?"

"सांगत नाहीत. बरोबरचा माणूस सांगतो, नाहीतर पोरगं सांगतं."

"स्वतःच्या तोंडानं सांगणाऱ्या किती भेटल्या?"

कारकुनानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "ही एकच."

"नवल नाही वाटलं?"

"वाटलं तर! म्हणून तर लिहून ठेवलं, स्पष्ट व न अडखळता."

बाकांवर खसखस पिकली. "आवाज कसा होता?" "जरा घोगरा." "चेहरा?" "पदर होता." "हात?" "हात... थोराड होते." "मग ती बाईच होती, हे कशावरून?" कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, "लुगडं होतं." आता सगळी कचेरी हसली. वडील साहेबांकडे वळून म्हणाले, "सरकार, वऱ्हाडातल्या कुठल्याही घरी विचारावं—" तेवढ्यात साहेब म्हणाले, "बॅरिस्टरसाहेब, माझ्या घराला साक्षीला बोलावू नका." ते हसले नाहीत, पण चष्म्यामागे काहीतरी हललं.

मला वाटलं, जिंकलो. पण सरकारी वकील उठले, आणि ते काही बावळट नव्हते. ते म्हणाले, "जी बाई दुसऱ्याचा मळा विकायला निघाली, तिला एक नाव घ्यायची लाज वाटेल? लाज असती तर ती कचेरीत गेलीच नसती." हसू विरलं. खरंच होतं ते. चंद्रभागा खाली मान घालून उभी होती. साहेबांनी तिला विचारलं, "बाई, तुझ्या भासऱ्याचं नाव सांग." तिनं मान हलवली. "न्यायासनाचा हुकूम आहे." तिनं मान वर केली. "तुरुंगात घाला सायेब. थे नाव माह्या तोंडून निंघनार नाई." सरकारी वकिलांनी खांदे उडवले, "नाटक." माझ्या मांडीवरचं पोर आईचा आवाज ऐकून रडायला लागलं. मी त्याला थोपटत होते. हिला आता नेतील, आणि हे पोर कोणाकडे राहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वडिलांनी पर्वताबाईला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. उंच, हाडाची, तापातून उठल्यानं ओढलेली बाई. तिनं जावेकडे ढुंकून पाहिलं नाही. "बाई, आपल्या यजमानांचं नाव?" तिनं इकडेतिकडे पाहिलं, पोरगं कुठं दिसतं का ते बघायला, आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी जवळजवळ उठलेच होते. पण वडिलांनी हात आडवा केला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "राहू द्या. तुमची जाऊ इथंच उभी आहे. तुमच्या वतीनं तिला सांगू द्या ना?"

"हे कशी सांगंन?" पर्वताबाई एकदम उसळली. "भासरा होय थो तिचा! आमच्या घरची सून हाये थे, काई रीतभात—"

आणि ती थांबली. आपण काय बोललो ते तिला आपल्याच कानांनी ऐकू आलं. कचेरीत पंख्याची दोरी ओढणाऱ्यानंसुद्धा हात थांबवला होता. पर्वताबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा जावेकडे पाहिलं. चंद्रभागेच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलंही नव्हतं. "सायेब," पर्वताबाई म्हणाली, "हे नाई गेली कचेरीत. मी येडी. मले आधी कळाले पाह्यजे होतं." मग कोणाची परवानगी न विचारता ती पिंजऱ्यातून उतरली, बाकांमधून माझ्याकडे आली आणि रडणारं पोर तिनं माझ्या मांडीवरून उचलून खांद्याला लावलं. ते गप्प झालं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ कागद वाचत असल्यासारखं केलं, चष्म्याशिवाय.

चंद्रभागा सुटली. पुढे शेजाऱ्यावरच खटला झाला आणि मळा परत मिळाला. ती पदरवाली बाई मात्र कोणालाच सापडली नाही. त्याच सुमारास एका जत्रेत एक बहुरूपी बिनमिशांचा फिरत होता असं रिठदची माणसं सांगत. खरंखोटं देव जाणे. दोघी जावांनी मिळून वडिलांची फी आणली, गाडीभर वांगी. आठ दिवस आमच्याकडे भरीत, भरली वांगी आणि वांग्याची भाजी, आणि ओसरीवरच्या आरोपींनाही तेच.

खटल्याच्या त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं, एक शब्द न सोडता, आणि काही आवाजांसकट. ती चुलीवर वांगी भाजत ऐकत होती. वडील हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "केस मी लढलो, पण जिंकलीस तू. आता माझी एक मागणी आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली. आज एकदा नाव घे माझं. एकदाच. शांता कान झाकून घेईल."

आईनं वांग्याची साल सोलत शांतपणे विचारलं, "आज भरल्या कचेरीत तुमीच नं सांगून आले, का वऱ्हाडातली बाई नाव घेत नाई म्हून?"

"हो, सांगितलं."

"मंग मी घेतलं तं तुमची केस खोटी पडंन. थे बिचारी चंद्रभागा पुन्हा अडकंन." आणि तिनं भरीत त्यांच्या ताटात वाढलं. वडील भाकरी मोडून जेवायला लागले.

माझं लग्न झाल्यावर मी ठरवून नवऱ्याचं नाव घ्यायला सुरुवात केली, शिकलेली होते ना. पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी जीभ अडखळायची. आता नातसून आपल्या नवऱ्याला नावानं हाक मारते, वर रागावतेही, आणि मला मनापासून आवडतं ते. पण ते ऐकताना करपलेल्या भाकरीचा वास मला अजून येतो.

वडील गेल्यानंतर घर आईच्या नावावर करायचं होतं, म्हणून मी तिला घेऊन कचेरीत गेले. जन्मात पहिल्यांदा ती कचेरीत आली होती. खिडकीमागचा कारकून कोवळा पोरगा होता. "आजी, यजमानांचं नाव?" आईनं माझ्याकडे पाहिलं. तोवर माझेही केस पांढरे झाले होते. पोरगा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, आता काय हरकत आहे? ते तर गेले ना."

"थे गेले बाप्पा," आई म्हणाली. "केस थोडीच गेली."

त्याला काही कळलं नाही. मला मात्र हसू आलं. मी पुढे वाकले आणि नाव सांगितलं. केशव. स्पष्ट व न अडखळता. ते ऐकताच आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, वडील दारातून आत आले की करायची तसा.